हसताना डोळा मिटतो, तो ताकद कमी पडते म्हणून नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

चेहऱ्याचा लकवा झाल्यावर कोणते व्यायाम करावेत, याविषयी आरोग्याच्या पानांवर अधूनमधून मजकूर येतो. त्यात तीन सल्ले ठरलेले असतात: फुगे फुगवा, च्युइंगम चघळा आणि आरशासमोर उभे राहून तोंड ताणता येईल तेवढे ताणून हसा. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सल्ला चुकीचा आहे. चेहरा सावरत असताना त्याच्यावर जोर लावला, की ज्या हालचाली वेगवेगळ्या व्हायला हव्यात त्या एकमेकींना चिकटून बसतात. हसायला जावे तर डोळा बारीक होतो. ओठांचा चंबू केला तर पापणी मिटते. डोळे मिटले तर तोंडाचा कोपरा वर ओढला जातो. मग रुग्णाला वाटते की ताकद अजून कमी पडते आहे, आणि तो आणखी जोर लावतो. हे चक्र थांबावे म्हणून हे पत्र लिहीत आहोत.

एक हालचाल आपण ठरवून करतो आणि तिच्यासोबत दुसरी न ठरवता होते, याला सिन्कायनेसिस म्हणतात. मराठीत सहचलन हा शब्द चालेल. सहचलन हा मुळात आजार नाही, हे आधी सांगायला हवे. मूठ घट्ट आवळा आणि मनगटाकडे बघा. ते किंचित मागे, हाताच्या पाठीकडे गेलेले दिसेल. बोटे मिटवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या मनगटावरूनच जातात. मनगट मागे धरून ठेवणारे स्नायू त्याच क्षणी कामाला लागले नाहीत, तर मूठ आवळताच मनगटही पुढे वाकेल आणि पकड ढिली पडेल. खात्री करायची असेल तर मनगट पूर्ण पुढे वाकवून मूठ आवळून पाहा, बोटांत जोरच येत नाही. मनगट मागे घे असे आपण कधी मनात म्हणत नाही, तरी ते जाते.

चालताना डावा पाय पुढे पडतो तेव्हा उजवा हात पुढे येतो. पायांमुळे धडाला बसणारा पीळ त्यामुळे तोलला जातो. हा झोका इतका आपोआप होतो की तो बंद पडल्याचे स्वतःच्या लक्षात येत नाही, घरच्यांच्या येते. चालताना एकाच बाजूचा हात झुलेनासा झाला, तर ती पार्किन्सन्स आजाराची फार लवकर दिसणारी खूण असू शकते. खांदा आखडला असला तरी हात झुलत नाही, म्हणून आधी खांदा सर्व दिशांना मोकळा फिरतो का ते पाहावे. फिरत असेल आणि तरी हात अंगाला धरल्यासारखा राहत असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.

डॉक्टर तर सहचलनाचा तपासणीसाठी मुद्दाम उपयोग करतात. गुडघ्यावर हातोडी मारण्याआधी ते रुग्णाला दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगतात. ही हंगेरीच्या एर्नो येन्ड्रासिक यांची १८८५ सालची युक्ती. हातांत लावलेल्या जोराचा परिणाम मज्जारज्जूत खालपर्यंत पोचतो आणि गुडघ्याचा झटका ठळक होतो. दुसरी खूण हूव्हर यांची, १९०८ सालची. उताणे झोपून एक पाय सरळ उचलला की दुसऱ्या पायाची टाच आपोआप अंथरुणात दाबली जाते. एखाद्याला ठरवून ती टाच दाबता येत नसेल, पण दुसरा पाय उचलताना तीच टाच जोराने दाबली जात असेल, तर त्या पायाकडे जाणारा मार्ग शाबूत आहे आणि अडचण मेंदूच्या कार्यपद्धतीत आहे असे कळते. याचा अर्थ रुग्ण ढोंग करतो असा मुळीच नाही. अशा अशक्तपणावर वेगळे उपचार आहेत आणि ते उपयोगी पडतात.

या उदाहरणांतून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. येन्ड्रासिकच्या युक्तीत जोर जितका जास्त तितकी हालचालीची सांड, म्हणजे ठरवलेल्या जागेबाहेर तिचे सांडणे, जास्त. निरोगी शरीर ती आवरून धरते. चेता, म्हणजे नर्व्ह, तुटून पुन्हा जुळली असेल किंवा मेंदूतला मार्ग दुखावला असेल, तर ती आवरत नाही. म्हणूनच अशा रुग्णाला ‘जोर लाव’ म्हणणे घातक ठरते.

आता चेहरा. चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूचे हावभाव करणारे स्नायू एकाच चेतेवर, फेशियल नर्व्हवर चालतात. कपाळ, पापणी, नाकपुडी, गाल, ओठ, हनुवटी आणि गळ्यावरचा पातळ पडद्यासारखा स्नायू या सगळ्यांची तार एका केबलमधून येते. ही केबल कानामागच्या हाडातल्या वळणावळणाच्या बोगद्यातून बाहेर पडते आणि तो बोगदा एका ठिकाणी एक मिलिमीटरहूनही अरुंद आहे. चेतेला सूज आली की ती तिथे आवळली जाते. चेहऱ्याच्या एका बाजूला एकाएकी येणारा लकवा, ज्याला बेल्स पाल्सी म्हणतात, तो बहुतेक वेळा असाच घडतो.

आवळल्यावर दोनपैकी एक गोष्ट होते. आतले तंतू शाबूत राहून फक्त संदेश थांबले असतील, तर सूज उतरल्यावर ते परत सुरू होतात. काही आठवड्यांत चेहरा पूर्ववत होतो आणि सहचलन उरत नाही. पण तंतूच मेले असतील तर ते नव्याने वाढावे लागतात. त्यांचा वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर, आणि बोगद्यापासून गालापर्यंतचे अंतर दहा सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे तीन महिन्यांहून अधिक. या प्रवासात तंतूला फाटे फुटतात. जो ओठाकडे जायचा त्याचा एक फाटा पापणीच्या नळीत शिरतो. पुढे मेंदूने ‘हस’ असा संदेश धाडला की तो ओठालाही पोचतो आणि पापणीलाही. शिवाय शेजारच्या तंतूंचे वेष्टन झिजले असेल तर संदेश एकातून दुसऱ्यात उडी मारतो, आणि मेंदूच्या तळाशी असलेले या चेतेचे केंद्रही अधिक चिडखोर होते. सहचलन बहुधा तिसऱ्या ते सहाव्या महिन्यादरम्यान दिसू लागते ते यामुळे.

डेन्मार्कमधील पीटरसन यांनी कुठलाही उपचार न घेतलेल्या बेल्स पाल्सीच्या १,७०१ रुग्णांची नोंद २००२ साली प्रसिद्ध केली. त्यांतल्या ८५ टक्के रुग्णांत तीन आठवड्यांच्या आत हालचाल परतू लागली, उरलेल्यांत तीन ते पाच महिन्यांनी. एकूण ७१ टक्के रुग्णांचा चेहरा पूर्ण पूर्ववत झाला. फुग्याच्या व्यायामाला यश कसे मिळते ते या आकड्यांतच आहे. बहुसंख्य लोक आपोआप बरे होणारच असतात. त्या काळात त्यांनी फुगे फुगवले, तर श्रेय फुग्याला जाते. ज्यांना खरी मदत लागते ते उशिरा सावरणारे, आणि नुकसान होते तेही त्यांचेच.

सुरुवातीच्या दिवसांत चेहरा हलतच नाही. त्या काळात व्यायामापेक्षा महत्त्वाची दोन कामे आहेत. पहिले, ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवणे, कारण प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारे औषध त्या मुदतीत सुरू झाले तर पूर्ण बरे होण्याची शक्यता वाढते. कपाळावर नीट आठ्या पडत असतील आणि फक्त तोंड वाकडे झाले असेल, बोलणे अडखळत असेल, हात किंवा पाय लुळा वाटत असेल, तर तो मेंदूचा झटका समजून तत्काळ रुग्णालयात जावे. तिथे ७२ तासांची नव्हे, मिनिटांची गोष्ट असते. दुसरे काम डोळ्याचे. पापणी मिटत नाही म्हणून बुबुळ कोरडे पडते. दिवसा दर दोन तासांनी वंगणाचे थेंब, रात्री मलम आणि पापणी मिटवून वर हलकी टेप. पापणी मिटायला गेले की डोळा वर वळतो, त्यामुळे वरचा भाग झाकला जातो पण बुबुळाचा खालचा काठ उघडा राहतो आणि तिथेच जखम होते. डोळ्याचे हे वर वळणेही सहचलनच. निरोगी माणसातही पापणीमागे ते होत असते, लकव्यात ते दिसते इतकेच. त्याला बेलची खूण म्हणतात.

पहिली हालचाल दिसली की व्यायाम सुरू करावा, आणि तिथेच बहुतेकांचे चुकते. योग्य पद्धत अशी. पाठीला आधार असलेल्या खुर्चीवर बसावे, दोन्ही गालांवर सारखा उजेड पडेल असा आरसा समोर ठेवावा, दात एकमेकांपासून सुटे ठेवून जबडा सैल सोडावा. आधी दोन मिनिटे काहीच करायचे नाही, फक्त श्वास सोडताना गाल आणि कपाळ सैल होऊ द्यायचे. सहचलन असलेला चेहरा विश्रांतीतही किंचित आवळलेला असतो. डोळा जरा बारीक, गालाची घडी जरा खोल. हा ताण सोडवल्याशिवाय पुढचा व्यायाम उपयोगाचा नाही. त्यासाठी स्वच्छ हाताचा अंगठा गालाच्या आतून आणि बोटे बाहेरून धरून गाल हळूच ओठांच्या दिशेने ओढावा, वीस ते तीस सेकंद तसाच धरावा आणि सोडावा. कडक गाठ लागेल तिथे थोडे जास्त थांबावे. चोळायचे नाही, ताणायचे.

मग हसायचे, पण अर्धेही नाही. ओठ न उघडता तोंडाचे दोन्ही कोपरे इतके हळू बाजूला न्यायचे की पापणी कुठे हलायला लागते ते आरशात पकडता येईल. तो क्षण आला की थांबायचे आणि एक पायरी मागे यायचे. त्या मर्यादेत, डोळा उघडा ठेवून, हसू दोन-तीन सेकंद धरायचे आणि जितक्या हळू नेले तितक्याच हळू परत आणायचे. चांगली बाजू पुढे पळू द्यायची नाही. तिने आजारी बाजूच्या चालीने चालायचे. पाच ते दहा वेळा झाले की पुरे. दिवसातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी दहा मिनिटांहून जास्त नाही, कारण थकलेला चेहरा पुन्हा जोर लावू लागतो. काही आठवड्यांत पापणी न हलता हसू किती लांब जाते, ती लांबी वाढते. प्रगती मोजायची ती हीच. हसू किती मोठे झाले ही नव्हे.

डोळा मिटण्याच्या व्यायामात आधी नजर खाली, मांडीवरच्या हातांकडे न्यावी आणि मग पापणी पडू द्यावी. नजर खाली गेली की वरची पापणी उचलणारा स्नायू सैल पडतो आणि थोड्या श्रमात डोळा मिटतो. घट्ट मिटायचा नाही, झोप येताना मिटतो तसा. त्या वेळी तोंडाच्या कोपऱ्यावर एक बोट हलके टेकवून ठेवले तर तो ओढला जातो का ते कळते. ओठांचा चंबू करताना मात्र डोळा मुद्दाम थोडा मोठा ठेवावा. काहीजणांची हनुवटी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत होते, गळ्यावर दोऱ्या उमटतात. हेही सहचलन आहे आणि त्यासाठी चंबू आणखी लहान करावा लागतो.

फुगा, च्युइंगम आणि ताणून हसणे यांत नेमके बिघडते काय? फुगा फुगवताना एकाच वेळी गाल, ओठ, गळा आणि डोळे आवळले जातात. ज्या केबलीत तारा आधीच एकमेकांत गुंतल्या आहेत तिला सगळे एकदम आवळण्याचा सराव दिला जातो, आणि मेंदू तोच साचा पाठ करतो. च्युइंगमचा तर संबंधच नाही. चावणारे स्नायू ट्रायजेमिनल या वेगळ्या चेतेवर चालतात आणि बेल्स पाल्सीत त्यांना काही झालेले नसते. ताणून हसण्यात चांगली बाजू सगळे हसू ओढून नेते आणि आजारी बाजू डोळा मिटते.

विजेच्या शेकाबद्दल आमच्याच व्यवसायात दुमत आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. बेल्स पाल्सीत विजेने स्नायू उत्तेजित केल्याने चेहरा अधिक चांगला सावरतो याला भक्कम पुरावा नाही. त्वचेवरून दिलेला प्रवाह नेमक्या एका स्नायूपुरता राहत नाही, शेजारचे स्नायू सोबत आकसतात. ज्या रुग्णात सहचलन दिसू लागले आहे त्याला तो देऊ नये, असे आमचे ठाम मत आहे. ‘रोज मशीन लावले की झाले’ या समजाने घरच्या सरावाचे महिने वाया जातात, हे नुकसान वेगळेच.

सहचलन घट्ट बसलेले असेल तर स्नायू तात्पुरता सैल करणारे बोटुलिनमचे इंजेक्शन खरोखर उपयोगी आहे. डोळ्याभोवती एका जागी साधारण एक ते अडीच युनिट इतक्या लहान मात्रा देतात. युनिटचा अर्थ ब्रँडनुसार बदलतो, म्हणून आकड्यांची तुलना रुग्णांनी आपसात करू नये. परिणाम काही दिवसांत सुरू होतो आणि तीन ते चार महिने टिकतो. हे महिने व्यायामासाठी आहेत. नको ती हालचाल औषधाने झोपवलेली असताना हवी ती वेगळी काढून शिकता येते. इंजेक्शन घेऊन नुसते बसले तर परिणाम ओसरल्यावर सगळे जिथे होते तिथेच येते.

नोंद ठेवण्यासाठी महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच उजेडात मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा: चेहरा स्थिर, भुवया वर, डोळे हलके मिटणे, दात दिसतील असे हसू, नाक मुरडणे, चंबू. स्थिर चेहऱ्याशिवायच्या या पाच हालचाली सनीब्रुक मोजपट्टीतल्या आहेत. त्या मोजपट्टीत शंभरपैकी गुण देताना हालचालीचे गुण मिळवतात आणि विश्रांतीतला असमतोल व सहचलन यांचे वजा करतात. म्हणजे हसू मोठे झाले पण डोळा अधिक मिटू लागला, तर गुण वाढतातच असे नाही. सेल्फी कॅमेऱ्यात डावे-उजवे उलटे दिसू शकते, म्हणून आजारी बाजू कोणती ते व्हिडिओत बोलून ठेवावे. तीन महिन्यांत काहीच हालचाल दिसली नाही, किंवा लकवा एकदम न येता आठवड्या-आठवड्याने वाढत गेला असेल, तर ती साधी बेल्स पाल्सी नसण्याची शक्यता धरून एमआरआयसाठी पाठवायला हवे.

जेवताना एकाच डोळ्यातून पाणी वाहणे हाही चुकीच्या जोडणीचाच प्रकार आहे. लाळेसाठी निघालेले तंतू अश्रूग्रंथीत पोचलेले असतात. रुग्णाला चारचौघांत संकोच वाटतो आणि तो डोळ्याचे थेंब बदलत बसतो. थेंबांनी हे थांबत नाही. अश्रूग्रंथीत बोटुलिनम देऊन ते कमी करता येते.

मेंदूच्या झटक्यानंतरच्या हातात यंत्रणा वेगळी असते, पण जोराचे गणित तेच. अर्धांगवायू झालेल्या माणसाचा हात चालताना, खुर्चीतून उठताना, खोकताना कोपरात वाकून छातीशी येतो. मेंदूच्या पृष्ठभागावरून मज्जारज्जूकडे जाणारा बारीक कामांचा मार्ग दुखावला की शरीर मेंदूतळाकडून येणाऱ्या जुन्या, ढोबळ मार्गांवर विसंबते. ते मार्ग एकेक सांधा हलवू शकत नाहीत. खांदा उचलला की कोपर, मनगट, बोटे सगळी मिळून वाकतात.

उठताना हात वर येत असेल तर हाताला दटावून उपयोग नाही, उठणे सोपे करावे. बैठक चार-पाच सेंटिमीटरने उंच करावी, पाय गुडघ्यांच्या थोडे मागे घ्यावेत, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतके पुढे झुकून मग उठावे. श्रम कमी झाले की हात खाली राहतो. चालण्यातही तसेच: हात वर चढला म्हणजे वेग जास्त आहे किंवा पायाला आधार कमी आहे, अशी ती सूचना समजावी. काठी किंवा पावलाची पट्टी दिल्यावर हात सैल पडलेला दिसतो.

वस्तूकडे हात नेण्याचा सराव हवेत करू नये. टेबलावर कापड ठेवून त्यावर पूर्ण हात टेकवून पुढे सरकवावा. खांद्याला वजन उचलावे लागत नाही तेव्हा कोपर लांब जाते. वजन आले की तेच कोपर आखडते. पोच वाढत गेली की आधार थोडाथोडा कमी करावा. रबरी चेंडू दाबण्याचा सल्ला येथे सर्रास दिला जातो, पण बहुतेकांची अडचण मूठ मिटण्याची नसते, उघडण्याची असते. त्याऐवजी हलका पेला धरून सोडण्याचा सराव करावा आणि वेळ मोजावा तो सोडण्याचा. ताकदीचे व्यायामच करू नयेत, हा जुना समज मात्र मागे पडला आहे. कमजोर स्नायूला ताकद हवीच, फक्त ती कोणत्या स्नायूला आणि कोणत्या कामात हवी हे निवडावे लागते.

जांभई आली की लुळा हात आपसूक वर जातो, हे पाहून घरचे चकित होतात. काहींना आशा वाटते, काही म्हणतात की मनात आणले तर याला उचलता येतो. दोन्ही समज रुग्णाला त्रासाचे आहेत. जांभईचा संदेश मेंदूतळातून येतो आणि तो मार्ग इच्छेच्या ताब्यात नाही. आणि हाताचे वाकणे एकाएकी वाढले तर व्यायाम वाढवण्याआधी कारण शोधावे: लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाठीवरचा व्रण, रुतलेले नख, घट्ट बूट. रुग्णाला जाणवत नसलेली इजादेखील स्नायूंचा ताण वाढवते.

लहान मुलांबद्दल थोडक्यात, पण आग्रहाने. कात्री चालवताना मुलाची जीभ बाहेर येते, उजव्या हाताने लिहिताना डाव्याची बोटे हलतात. मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पूल पक्का होत जातो तसतसे एक अर्ध दुसऱ्याला गप्प ठेवायला शिकते आणि साधारण दहाव्या वर्षापर्यंत हे विरत जाते. तपासायचे तर एका हाताचा अंगठा त्याच हाताच्या बोटांना एकेक करून लावायला सांगावे आणि दुसऱ्या हाताकडे पाहावे. दोन्ही बाजूंना सारखेच आणि वर्षागणिक कमी होत असेल तर काळजी नको. एका बाजूलाच ठळक असेल, तो हात कामात कमी वापरला जात असेल, किंवा दहा वर्षांनंतरही जोरदार राहिले असेल तर बालमेंदूतज्ज्ञांना दाखवावे. काही कुटुंबांत हे जन्मजात असते. डीसीसी आणि आरएडी५१ या जनुकांशी त्याचा संबंध २०१० आणि २०१२ साली दाखवला गेला. अशा मुलाच्या दुसऱ्या हातावर फटका मारणे किंवा तो बांधून ठेवणे क्रूर तर आहेच, निरुपयोगीही आहे. त्या हाताला कागद धरण्याचे काम द्यावे, पेन्सिल जाड आणि मऊ द्यावी म्हणजे दाब कमी लागतो, आणि परीक्षेत जादा वेळ मागावा. दाब आणि घाई कमी झाली की सांडही कमी होते.

काही बाळांची एक पापणी जन्मतः पडलेली असते आणि दूध पिताना ती उचकते. १८८३ साली मार्कस गन यांनी वर्णन केलेला हा प्रकार आहे. जबड्याच्या चेतेचा एक फाटा पापणी उचलणाऱ्या स्नायूला गेलेला असतो. दृष्टी नीट वाढते आहे ना, हे मात्र नेत्रतज्ज्ञांकडून नियमित पाहून घ्यावे, कारण पडलेल्या पापणीमागचा डोळा आळशी होऊ शकतो.

शेवटची एक खूण व्यायामाची नाही, घाईची आहे. मोठ्या माणसाने खाली किंवा नाकाकडे पाहिले की एका डोळ्याची पापणी वर उचलली जात असेल, तर डोळा फिरवणाऱ्या तिसऱ्या चेतेचे तंतू चुकीचे जुळले आहेत. मधुमेहामुळे ती चेता काही आठवडे बंद पडून परत सुरू होते तेव्हा असे होत नाही. ते होते अपघातानंतर, किंवा गाठ वा फुगलेली धमनी चेतेवर दाब देत असेल तर. डोक्याला मार लागल्याचा इतिहास नसताना अशी पापणी दिसली, तर त्याच आठवड्यात मेंदूचा आणि त्याच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन करून घ्यावा. सोबत तीव्र डोकेदुखी असेल, किंवा त्या डोळ्याची बाहुली मोठी झाली असेल, तर त्याच दिवशी.

आपले,
चेहरा व मेंदू पुनर्वसनाचे काम करणारे फिजिओथेरपिस्ट